पद्मिनीचे पार्ट भट्टीत: ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४

गाडी १९८२ची प्रीमियर पद्मिनी, मामांची, गडहिंग्लजला शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती. इंजिन चालू झालंय, पत्र्याचं काम डेंटरकडे चालू आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. इथे फक्त खालचे पार्ट, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे वरचे-खालचे आर्म, कॉइल स्प्रिंग, अँटीरोल बार, मागच्या ॲक्सलचं हाउसिंग, पाट्यांच्या (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगांच्या) शॅकल आणि यू-बोल्टच्या प्लेटा, ब्रेकच्या बॅकप्लेट, ड्रम, बॅटरीचा ट्रे, बंपरचे ब्रॅकेट, सीटच्या फ्रेम आणि पाच रिम. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, त्यामुळे भट्टीत जाण्यासारखं जे काही आहे ते एवढंच.

आज फक्त वाटणी केली आणि कुणी हे काम काढणार असेल तर पहिला दिवस याच्यातच घालवा असं मी कळकळीने सांगेन. पावडर, म्हणजे विजेच्या भाराने लोखंडावर चिकटवलेली रंगाची पूड, भट्टीत १८० ते २०० डिग्रीला शिजते, मग त्या तापमानाला काय टिकत नाही ते आधी बाजूला काढायचं. रेडिएटर आणि पेट्रोलची टाकी अजिबात पाठवायची नाही, दोन्हीकडे सोल्डरचे जोड आहेत आणि सोल्डर साधारण १८३ डिग्रीला वितळायला लागतं, वर टाकीत पेट्रोलची वाफ कितीही धुतली तरी उरते आणि ती भट्टीत घालणं म्हणजे भट्टीवाल्याच्या जिवाशी खेळ. रबर असलेलं काहीही नाही. जुनी पुटी भरलेलं काहीही नाही. दरवाजे, बॉनेट, डिकी नाही, ते का ते पुढे लिहितो.

स्टब ॲक्सल (ज्यावर पुढचं चाक फिरतं ते) आणि स्टिअरिंगचे आर्मसुद्धा मी कोटिंगला देणार नाहीये. ते साफ करून पातळ काळा रंग मारणार. पावडरचा थर जाड आणि चिवट असतो, खालच्या लोखंडाला तडा गेला तरी वरून चकचकीत दिसत राहतो, आणि ज्या पार्टवर गाडीचं स्टिअरिंग अवलंबून आहे तिथे तडा दिसायला हवा.

नटबोल्ट तिसऱ्या ढिगात, ते झिंक प्लेटिंगला. पावडर बोल्टवर मारली की आटे भरतात आणि डोक्याला पाना लागत नाही.

२५ सप्टेंबर

ब्लास्टिंगवाला, म्हणजे हवेच्या दाबाने कडक दाणे मारून गंज आणि जुना रंग उडवणारा, शोधण्यात दिवस गेला. एक जण रस्त्याकडेला उघड्यावर मारत होता, नदीची वाळू, तोंडाला रुमाल बांधलेला पोरगा आणि आजूबाजूला पांढरा धुरळा. रेट सगळ्यात कमी होता. मी तिथं काम दिलं नाही. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, आणि रुमालाने ती धूळ अडत नाही. कारखान्यांच्या नियमांत वाळूने ब्लास्टिंग करायला बंदी आहे ती याचमुळे. आपण सगळे सवयीने सँडब्लास्टिंग म्हणतो पण काम देताना आत नक्की काय भरतात ते विचारा. स्टील ग्रिट, कॉपर स्लॅग, गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड असे पर्याय आहेत. आपल्या गाडीचे शंभर-दोनशे रुपये वाचवायला कुणाच्या तरी पोराची छाती जायला नको.

घरच्या कॉम्प्रेसरवर करता येईल का हेही बघून झालं. ६ मिमीच्या नोझलला १०० पीएसआयवर जवळपास ८० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते आणि माझा २ एचपीचा कॉम्प्रेसर जेमतेम ७-८ देतो. बारीक नोझल लावून एक बंपर ब्रॅकेट केला, मिनिटभर मारायचं आणि टाकी भरायची वाट बघायची, अर्धा दिवस गेला आणि कॉम्प्रेसर हात लावू देईना इतका तापला. छोट्या कॅबिनेटमध्ये किरकोळ पार्टांसाठी ठीक, ॲक्सल वगैरे विसरा.

आपल्या कोल्हापुरात फाउंड्र्या भरपूर म्हणून शॉटब्लास्टिंग कुठेही मिळतं, पण ते बहुतेक कास्टिंगसाठी आहे. टंबलरच्या फिरत्या पिंपात पन्नास कास्टिंगांबरोबर आपला प्रेस केलेला आर्म किंवा शॅकल टाकला तर आपटून आपटून कडा मार खातात. आणि गोल शॉटने पृष्ठभाग ठोकल्यासारखा गुळगुळीत होतो, तर टोकदार ग्रिटने बारीक खरखरीत होतो, पावडरला पकड लागते ती खरखरीत. शेवटी शिरोलीत एक जण मिळाला, हाताने ग्रिट मारतो, बंद खोली, हवेचं हेल्मेट घालतो. रेट किलोवर.

२९ सप्टेंबर

धुणं. डिझेल, मग कॉस्टिकचं गरम पाणी, मग साधं पाणी, मग कॉम्प्रेसरने वाळवणं. ब्लास्टर म्हणत होता, "ग्रीस असू दे साहेब, ग्रिटनं निघतंय की." निघत नाही. ग्रिट चिवट ग्रीसवरून उसळतो किंवा ग्रीस घेऊन पुढच्या पार्टवर जातो, आणि त्याचा सगळा ग्रिट तेलकट होतो तो वेगळाच.

आर्मचे बुश, म्हणजे भोकात दाबून बसवलेल्या लोखंडी बाहीतलं रबर, काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. बाहेरची लोखंडी बाही गंजून आर्ममध्ये एकजीव झालेली, प्रेसवर आवाज यायचा पण हलायचं नाव नाही. अण्णा मिस्त्रींनी हॅक्सॉचं पातं आतून घालून बाहीला दोन चिरा दिल्या आणि छिन्नीने ती आत दुमडली, मग हाताने निघाली. चिर देताना बाहीपाशी थांबायचं, आर्मच्या भोकात कापलं तर आर्म गेला. बुश राहू देऊन भट्टीत घातले तर रबर वितळून काळा रस पार्टभर ओघळतो आणि तो लॉट वाया.

ॲक्सल हाउसिंगच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या मोठ्या भोकाला लाकडी प्लायचे गोल कापून, रबराची चकती ठेवून आतून रॉडने आवळले. ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) भोकात जुना बोल्ट. ग्रिटचा एक दाणा आत राहिला तर तो पुढे डिफरन्शियलच्या बेअरिंगमध्ये जाणार, म्हणून ही झाकणं ब्लास्टरच्या भरवशावर न सोडता घरीच बसवून दिली.

१ ऑक्टोबर

पहिला लॉट ब्लास्ट झाला. लोखंड राखाडी, एकसारखं, कुठेही चमक नाही आणि काळा डाग नाही, कागदावर ब्लास्टिंगच्या ज्या सफाईला एसए अडीच म्हणतात ते साधारण असं दिसतं. ४० वर्षांचा गंज खालून काय काय खाऊन गेला होता तेही आता दिसलं. बॅटरीचा ट्रे ब्लास्टिंगनंतर चाळण झाला, ॲसिडने आधीच खाल्लेला होता, रंगावर उभा होता फक्त. नवा वाकवून घ्यावा लागेल.

पण परतीचा पाऊस. दुपारी घेऊन यायचे होते ते संध्याकाळी पोचलो, रात्रभर शेडमध्ये राहिले आणि सकाळी आर्मवर नारिंगी झाक. उघडं ब्लास्ट केलेलं लोखंड या हवेत चार-सहा तासही थांबत नाही. काही जण म्हणतात तेवढ्याने काही होत नाही, पुसून पावडर मारा. मला ते पटत नाही, पावडरखाली गंज कोंडला की तो तिथेच वाढतो आणि वर्षा-दोन वर्षांनी थर पोपड्यासारखा निघतो. परत हलका हात मारून घ्यावा लागला, पैसे वाढले. आता ठरलं असं की ब्लास्टर आणि कोटिंगवाला यांची वेळ एकच, सकाळी ब्लास्ट आणि त्याच दिवशी प्राइमर. पार्ट उघड्या हाताने धरायचे नाहीत, घामाचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजाचे ठसे होतात, सुती हातमोजे वापरा.

५ ऑक्टोबर

कोटिंगच्या आधी आर्म, शॅकल आणि रिमच्या मधल्या ताटल्या डाय पेनिट्रंटने, म्हणजे तडे दाखवणाऱ्या रंगाने, तपासल्या. फाउंड्रीवाल्यांकडे हे रोजचं काम आहे, ओळखीने तिथेच करून घेतलं. आधी क्लीनर, मग लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कापडाने पुसायचं आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा.

डाव्या खालच्या आर्मवर पांढरं सुकत असताना बुशच्या भोकाच्या कडेपासून एक लाल रेघ उमटायला लागली. आधी केसाएवढी, मग मिनिटभरात ठळक झाली आणि तिची लांबी नखाएवढी होती. नुसत्या डोळ्याने, बॅटरी लावूनसुद्धा, तिथे काहीच दिसत नव्हतं. हा आर्म मी पावडर मारून बसवला असता तर पुढचा खड्डा किंवा त्याच्या पुढचा.

वेल्डिंग करून चालेल असं एक-दोघांनी सुचवलं. सस्पेन्शनच्या आर्मला मी वेल्डिंग करणार नाही. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारात फोन लावला. २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली आणि त्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण त्यांचे पार्ट अजून फिरतायत. जी गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यात तयार झाली तिचा आर्म परत कुर्ल्यातून येतोय याचं मला बरं वाटलं. ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून मिळाला, येताक्षणी बुश काढून त्यालाही डाय मारला, स्वच्छ निघाला.

पत्र्याबद्दल लिहितो म्हटलं होतं. दरवाजा आणि बॉनेट ग्रिटने मारायचं नाही कारण प्रत्येक दाणा पत्र्याची वरची कातडी थोडी ताणतो, एका बाजूने ताणला की पत्रा फुगतो आणि डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटक वाजायला लागतो. लोकांना वाटतं उष्णतेने वाकतो, तसं नाही, माराने वाकतो. आणि एकदा ताणलेला पत्रा परत बसवायला चांगला डेंटर लागतो. मी तिकडे केमिकल स्ट्रिपर आणि नायलॉनची स्ट्रिप डिस्क वापरतोय.

९ ऑक्टोबर

झाकाझाकी. कोटिंगवाले दादा भला माणूस, पहिल्याच दिवशी सरळ म्हणाले, "आम्ही गेट-ग्रिल, कपाटंवाले. तुम्ही सांगाल तसं मारतो, पण कुठं मारायचं न्हाई ते आधी दाखवा." हे वाक्य ऐकून मला त्यांच्यावर विश्वास बसला. गेटला सगळीकडे पावडर लागली तरी काही बिघडत नाही, गाडीच्या पार्टला बिघडतं. थर ६० ते १०० मायक्रॉनचा, दोन कोट म्हणजे त्याहून जास्त, आणि दोन पार्ट आवळून बसतात तिथे मध्ये हा प्लास्टिकचा थर आला की तो हळूहळू दबतो, दबला की बोल्टचा ताण कमी होतो.

म्हणून खडूने खुणा करून मग सिलिकॉनचे प्लग आणि हिरवी हाय-टेंपरेचर टेप लावली. ॲक्सलवर पाट्यांच्या बैठका, बॅकप्लेटचे फ्लँज, बेअरिंगची जागा, डिफरन्शियलचा गॅस्केट फेस, ब्रीदरचे आटे. आर्मवर बुशची भोकं आणि पिव्होट टेकतो ते तोंड. बॅकप्लेटवर ब्रेकशू घासतात ते उंचवटे आणि सिलिंडर बसतो ती जागा. रिमवर हबला टेकणारी मागची बाजू आणि बोल्ट आवळतात त्या कोनाकार बैठका. रिमची ही जागा कुणी कधी झाकत नाही, पण पावडरवर आवळलेलं चाक थोड्या दिवसांत सैल पडतं, हे गमतीवारी घेऊ नका.

साध्या कागदी मास्किंग टेपचा डिंक २०० डिग्रीला जळून चिकटतो, खरवडून काढताना आजूबाजूची पावडर उडते. हिरवी टेप महाग वाटली तरी घ्या. आणि भट्टीतून निघाल्यावर पार्ट कोमट असतानाच ती सोला, गार झाल्यावर कडा तुटतात.

कॉइल स्प्रिंगबद्दल वेगळं बजावून सांगितलं की ॲसिडच्या टाकीत घालायच्या नाहीत. त्यांच्याकडे सेव्हन टँकची लाइन आहे, डीग्रीज, डीरस्ट (गंज काढायची ॲसिडची टाकी हीच), फॉस्फेट वगैरे, गेटासाठी उत्तम. पण कडक स्प्रिंग स्टील ॲसिडमध्ये हायड्रोजन पितं आणि ठिसूळ होतं, मग एक दिवस सरळ तुटतं. ब्लास्ट केलेल्या पार्टाला डीरस्टची गरजच नाही. आर्मचीही तीच गोष्ट, दुमडलेल्या जोडात ॲसिड अडकलं तर धुवून निघत नाही आणि पावडरखाली आतून खात बसतं. १०.९च्या (जास्त ताकदीच्या) बोल्टना प्लेटिंगवाल्याकडे हीच काळजी, प्लेटिंग झाल्या झाल्या काही तास १९०-२०० डिग्रीला भाजून घ्यायचे म्हणजे हायड्रोजन निघून जातो.

१० ऑक्टोबर

सकाळी ब्लास्ट, दुपारी कोटिंग, ठरल्याप्रमाणे. झिंकवाला इपॉक्सी प्राइमर आधी आणि वर पॉलिएस्टर सेमी-ग्लॉस काळा. फक्त इपॉक्सी काळा स्वस्त पडतो पण उन्हात खडूसारखा पांढरट होतो, गाडीखाली ऊन लागत नाही हे खरं, पण बंपरचे ब्रॅकेट आणि रिम यांना लागतं. प्राइमर अर्धवटच शिजवायचा, पूर्ण शिजला तर वरचा कोट नीट धरत नाही. पावडरच्या खोक्यासोबतच्या डेटाशीटवर वेळ दिलेला असतो, तो कागद मागून घ्या.

पावडर मारण्याआधी ॲक्सल हाउसिंग रिकामंच २२० डिग्रीला तासभर भट्टीत ठेवून घेतलं. दादांना हे पटत नव्हतं, भट्टीचा गॅस फुकट जातो म्हणून. बाहेर काढलं तर वेल्डच्या जोडातून काळं तेल पाझरून खाली थेंब लोंबत होते. एवढं धुऊन, ब्लास्ट करून, आणि तरी! चाळीस वर्षं तेलात असलेलं लोखंड जोडांमध्ये तेल धरून बसतं. थिनरने पुसलं, परत तापवलं, परत थोडं आलं, मग थांबलं. त्या जागी ब्लास्टिंगचा हात परत मारला. हे केलं नसतं तर नेमकं पावडर वितळताना ते तेल वर आलं असतं आणि खड्डे पडले असते. दादांनी ते थेंब बघितले आणि त्या लॉटच्या बाकी सगळ्या पार्टांना मी न सांगता आधी भाजून घेतलं.

१६ ऑक्टोबर

दसऱ्याला कारखाना बंद होता, आज माल ताब्यात आला. काय बिघडलं ते लिहितो.

ॲक्सल. दिसायला सुंदर, पण कडेला नखाने दाबलं तर काचेसारखा कपचा उडाला. कापसाला एसीटोन लावून घासलं, पंचवीसएक वेळा मागे-पुढे, कापूस काळा झाला आणि चमक गेली. पूर्ण शिजलेली पावडर पन्नास वेळा घासूनही मऊ पडत नाही. कारण साधं आहे, त्यांचा टायमर पत्र्याच्या मालाला लावलेला, १० मिनिटं. पण ती १० मिनिटं लोखंड १८०-२०० डिग्रीला पोचल्यानंतर मोजायची असतात, भट्टीतली हवा नाही. कपाटाचा पत्रा लगेच तापतो, ॲक्सलसारख्या जाड गोळ्याला अर्धा-पाऊण तास नुसता तापायला लागतो.

आर्म. बाहेरून एक नंबर, पण आतल्या खोबणीत, जिथे दोन भिंती जवळ येतात, तिथे पावडर लागलीच नाही, प्राइमरसुद्धा विरळ. गनमधून विजेचा भार घेऊन आलेले कण जवळच्या कडांकडेच ओढले जातात, खोल कोपऱ्यात शिरतच नाहीत, फॅरडे केजचा परिणाम तो हाच. नेमकी हीच खोबण चिखल धरते.

ड्रम. सगळ्यात वाईट. बाहेरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी शेकडो भोकं. ओतीव लोखंडाच्या छिद्रांत हवा आणि जुनं तेल असतं, भट्टीत ते पावडर मऊ असतानाच बाहेर फुटतं. इतर पार्ट आधी भाजले होते, पण ड्रम दुसऱ्या लॉटला होते आणि घाईत तसेच गेले, दिवाळीच्या कपाटांची रांग लागलेली होती.

२१ ऑक्टोबर

दुरुस्त्या. ॲक्सलची बातमी चांगली, कच्ची राहिलेली पावडर परत भट्टीत घालून पुरी शिजवता येते, काढावी लागत नाही. या वेळी इन्फ्रारेड गनने लोखंडाचं तापमान बघितलं, ॲक्सलच्या मधल्या जाड भागावर १९० दिसल्यावर घड्याळ लावलं. काळ्या मॅट पृष्ठभागावर ही गन बरोबर आकडा देते, चकचकीत धातूवर फसवते. गार झाल्यावर एसीटोनचा कापूस पांढराच राहिला. कपचा उडालेली जागा घासून इपॉक्सीचा हात दिला.

आर्मवर पुन्हा काम केलं. खोबणीतलं विरळ प्राइमर पॉलिश पेपरने घासून, आर्म आधी तापवून गरम लोखंडावरच कोपऱ्यात पावडर मारली, म्हणजे चिकटायला विजेची वाट बघावी लागत नाही. पावडरच्या गनचा व्होल्टेज ८०वरून ४० केव्हीवर आणला, हवा कमी केली, आधी कोपरे आणि मग बाहेरचं. दादांचा गनवाला पोरगा या कामात एकदम हुशार निघाला, त्याला कारण समजल्यावर हूकसुद्धा घासून घेतले, कारण हुकावर जुन्या पावडरचा थर असला की अर्थिंग तुटतं आणि पार्ट पावडर ओढत नाही. जाडी मीटरवर खोबणीत ५५-६० मायक्रॉन आणि बाहेर ११०च्या आसपास आली.

ड्रमची पावडर मात्र काढायचीच ठरवली. वाटतं तशी ती ग्रिटने मारून निघत नाही, थर रबरासारखा ग्रिट परतवतो आणि तासन्तास हवा जळते. स्ट्रिपरमध्ये भिजवून फुगवली, खरवडली आणि मग ब्लास्ट. अर्धा दिवस गेला. ड्रमला परत पावडर नको, बाहेरून हाय-टेंपरेचर सिलिकॉन पेंटचा स्प्रे मारला. घाटात उतरताना ड्रम किती तापतात ते बघता हेच शहाणपणाचं वाटतं, पुढच्या माणसाने सरळ इथूनच सुरुवात करावी.

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर रिम. १४ इंची, पाचही. ब्लास्टिंगनंतर लेथवर फिरवून बघितल्या, एक थोडी वाकडी होती, ती कोटिंगच्या आधीच सरळ करून घेतली. कोटिंगनंतर हातोडा लागला तर सगळं पाण्यात.

सिल्व्हर रंग घेतला. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, मेटॅलिक सिल्व्हर पावडरमध्ये ॲल्युमिनियमची चकती-चकती पूड असते, ती वर उघडी राहिली तर पाण्याने आणि साबणाने काळपट पडते, म्हणून वर क्लिअर कोट पाहिजेच. क्लिअर जास्त शिजला तर पिवळसर होतो, म्हणून इथे उलट काळजी, वेळ लांबवायची नाही. रिमच्या मधल्या ताटलीचा आणि बाहेरच्या रिंगचा जो जोड असतो तिथे पावडर पूल बांधते पण आत शिरत नाही, पाणी मात्र शिरतं. तिथे भट्टीनंतर बारीक सीम सीलर (जोड बुजवणारा लेप) फिरवला.

२४ नोव्हेंबर

हिशोब. धुण्याचं सामान १,४००. ब्लास्टिंग सगळं मिळून, परत मारलेलं धरून, ६,८००. डाय पेनिट्रंट ५००. प्लग आणि टेप १,३५०. काळं दोन कोटचं काम ७,५००. रिम ७००ला एक म्हणजे ३,५००. ड्रमचा पेंट ६५०. कुर्ल्याचा आर्म भाड्यासकट २,२००. बोल्टचं झिंक प्लेटिंग ९००. एकूण २४,८०० रुपये, नवे बुश आणि बॅटरीचा ट्रे धरलेला नाही. ब्रशने रेड ऑक्साइड आणि काळा एनॅमल मारला असता तर यातला मोठा भाग वाचला असता, आणि ज्यांना गाडी नुसती चालवायची आहे त्यांनी तसं जरूर करावं, चांगलं धुऊन-घासून मारलेला इपॉक्सी रंगही वर्षानुवर्षं टिकतो आणि खरचटला तर घरी दुरुस्त होतो. पावडर खरचटली की भट्टीत परत जाता येत नाही कारण तोवर त्यात बुश बसलेले असतात. मी खर्च केला कारण ही गाडी मला पुढच्या पिढीपर्यंत न्यायची आहे.

फिटिंगला सुरुवात. बुश दाबताना भोकाच्या तोंडाची पावडर चिपते म्हणून भोकाच्या कडेला रेमरने हलका उतार दिला. सगळ्या आट्यांत टॅप फिरवला. आर्मच्या खोबणीत, रिमच्या जोडात आणि जिथे जिथे उघडं लोखंड ठेवलं होतं तिथे जोडल्यानंतर कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज अडवणारं मेण. हे विसरू नका, झाकलेल्या जागा म्हणजे मुद्दाम उघड्या ठेवलेल्या जागा, पहिला गंज तिथूनच येणार.

९ फेब्रुवारी २०२५

गाडी चाकांवर आली, बॉडी अजून प्राइमरमध्ये आहे. गगनबावड्याला जाऊन आलो, रस्ता खराब आहे म्हणूनच गेलो. परत आल्यावर गाडी रॅम्पवर घेऊन सगळं टॉर्क रेंचने तपासलं. चाकं आणि आर्म जागच्या जागी, काही हललं नाही. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट मात्र दोन्ही बाजूंना थोडे फिरले, कारण बैठका झाकल्या होत्या पण खालच्या प्लेटा पूर्ण कोट झाल्या होत्या, त्यावरचा थर नटाखाली दबलाय. नटाखालची पावडर खरवडून, वॅक्स लावून परत आवळले. अजून २०० किलोमीटर झाल्यावर परत बघायचे आहेत.

कॉइल स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यावर, जिथे ती ताटलीत घासते, तिथे पावडर निघाली आहे. तिथे निघणारच, झिंक स्प्रे आणि वॅक्स मारलं. डाव्या बाजूच्या खालच्या आर्मला दगड लागून एक ठिपका पडलाय, काळी पावडर उडाली आणि खाली करडा झिंक प्राइमर दिसतोय, लोखंड नाही. त्यावर काळ्या इपॉक्सीचा थेंब लावून ठेवला. दारांचं स्ट्रिपिंग मार्चमध्ये.